सफारी, समुद्र आणि सातबारा

आज आपण केनियाला जाऊन येणार आहोत. हसू नका. विमानाचं तिकीट लागणार नाही, पण शेवटी परत आपल्याच वाडीत यायचं आहे, तेव्हा रेडिओ बंद करू नका.

झालं असं की आमच्या गटातल्या एका ताईंची भाची लग्नानंतर नवऱ्याबरोबर केनियाला फिरायला गेली होती. दोघंही पुण्यात नोकरीला. दहा दिवसांची सहल, त्यात आधी जंगल आणि मग समुद्र. दिवाळीला मावशीकडे आली तेव्हा नेमकी आमच्या गटाची बैठक चालू होती. हप्ते गोळा झाले, वही बंद झाली, आणि मग तिने मोबाइलवर फोटो दाखवायला सुरुवात केली. सिंह, हत्ती, जिराफ. तंबूत पांढरी चादर घातलेला पलंग, पलंगावर फुलं. मग पांढरी वाळू, निळं पाणी, माडाखाली दोन आरामखुर्च्या.

फोटो छान होते. दोघं आनंदात होती, आम्हालाही बरं वाटलं. पण आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर काकी चष्मा वर करून तंबूचा फोटो बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "ह्यो तंबू कोणाच्या जमनीत आसा गो?"

भाचीला सांगता येईना. ती म्हणाली, "मावशी, जंगलातच होता." काकींचं समाधान झालं नाही. जंगल झालं तरी ते कोणाचं तरी असतंच. त्यातून दुसरी म्हणाली, "आणि बायलमाणसां खंय आसत?" खरंच की. पन्नास-साठ फोटोंत गाडी चालवणारा पुरुष, जेवण वाढणारा पुरुष, सामान उचलणारा पुरुष. बाई फक्त एका फोटोत, तीही मण्यांच्या माळा हातात घेऊन कडेला उभी.

हे दोन प्रश्न आमच्या डोक्यातून जाईनात, कारण वाडीत तेव्हा आमचं स्वतःचंच एक प्रकरण चालू होतं. त्याबद्दल मागाहून सांगतो. रेडिओवरच्या आम्ही चौघींनी मग पुस्तकं, बातम्या शोधल्या, भाचीला तीनदा फोन केले, आणि जे समजलं ते आज तुमच्यासमोर ठेवतो.

पहिली गंमत म्हणजे सफारी हा शब्द. केनियात स्वाहिली भाषा बोलतात. तिच्यात सफारी म्हणजे प्रवास. मूळ अरबी 'सफर', तीच आपली सफर. स्वाहिलीत चहाला चाय म्हणतात, चपातीला चपाती, दुकानाला दुका, लाखाला लाकी आणि पैशाला पेसा. आपल्या किनाऱ्यावरून गलबतं तिकडे शेकडो वर्षं जात होती, त्यांच्याबरोबर शब्दही गेले.

भाची आणि जावई आधी मसाई मारा इथे गेले. हे अभयारण्य १,५१० चौरस किलोमीटरचं, म्हणजे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या पावभागापेक्षा थोडं मोठं. साधारण जुलै ते ऑक्टोबर या काळात शेजारच्या टांझानियातून विल्डबीस्ट नावाची जनावरं लाखोंनी इकडे चरायला येतात. कुळ हरणाचं, पण दिसायला दाढीवाल्या बारक्या म्हशीसारखी. मारा नदी ओलांडताना मगरी त्यांना धरतात. ते बघायला जगभरातून लोक येतात, आणि त्यामुळे त्या दिवसांत सगळंच महाग. परदेशी पाहुण्याला अभयारण्यात जायचं नुसतं शुल्क जुलै ते डिसेंबरात माणशी दिवसाला २०० डॉलर, एरवी १००. दोघांचे एका दिवसाचे ४०० डॉलर. डॉलर ८५ रुपयांना धरला तर ३४ हजार रुपये. आमचा बारा जणींचा गट. महिना दोनशेप्रमाणे आमची वर्षाची बचत होते २८,८००. हा हिशेब केल्यावर बैठकीत थोडा वेळ कोणी बोललं नाही. (मग एक जण म्हणाली, तो सिंह तरी जवळून दिसला का? दिसला होता, झोपलेला.)

आता काकींच्या प्रश्नाकडे येतो. भाचीचा तंबू अभयारण्यात नव्हताच. तो होता अभयारण्याला लागून असलेल्या एका कंझर्वन्सीत. हा शब्द लक्षात ठेवा, कारण खरी गोष्ट इथेच आहे. अभयारण्याभोवतीची जमीन मसाई लोकांची. मसाई म्हणजे गुरं राखणारा समाज, आपल्याकडच्या धनगरांसारखा चाऱ्यामागे फिरणारा. पूर्वी ही जमीन सामायिक होती, मोठ्या गटांच्या नावावर. पुढे तिची वाटणी झाली आणि एकेका कुटुंबाच्या नावाने तुकडे पडले. आता प्रत्येकाने आपापलं कुंपण घातलं असतं तर जनावरांची वाट बंद झाली असती, आणि गुरांचीही. म्हणून २००५-०६ पासून शेजारशेजारच्या जमीनमालकांनी तुकडे पुन्हा एकत्र जोडले आणि ते पर्यटन कंपन्यांना भाड्याने दिले. याला कंझर्वन्सी म्हणतात. आज या सगळ्या कंझर्वन्सी मिळून जवळजवळ मूळ अभयारण्याएवढं क्षेत्र आहे.

भाड्याची रीत आम्हाला विचार करण्यासारखी वाटली. कंपनी जमीन विकत घेत नाही, मालकी मसाईंचीच राहते. भाडं जमिनीच्या मापावर ठरतं, पाहुण्यांच्या संख्येवर नाही. म्हणजे पाऊस लागला, तंबू रिकामे राहिले, तरी महिन्याचं भाडं द्यायचंच. ते जमीनमालकाच्या बँकेच्या किंवा मोबाइलच्या खात्यात थेट जातं, मधे पुढारी नाही. तंबूंची संख्याही बांधून दिलेली असते. काही कंझर्वन्सींत एका तंबूमागे ३५० एकर मोकळी जमीन हवी, काहींत ७०० एकर. म्हणून तर भाचीला सिंह निवांत बघता आला, आजूबाजूला वीस गाड्यांची गर्दी नव्हती. त्याआधी पाहुण्यांच्या गाड्या मसाईंच्या रानातून खुशाल फिरायच्या आणि रानाच्या मालकाला त्यातलं फारसं काही मिळत नव्हतं. तेव्हा ही सुधारणाच झाली, असं आमचं मत आहे.

पण भाडं कोणाच्या खात्यात जातं? ज्याच्या नावावर जमीन त्याच्या. आणि वाटणी झाली तेव्हा नावं लागली ती बहुतेक पुरुषांची.

मसाई वस्तीतलं घर बाई बांधते, हे तुम्हाला माहीत आहे का? फांद्यांचा सांगाडा, त्यावर माती आणि शेणाचा गिलावा, सगळं तिच्या हातचं. पावसात गळलं तर छपरावर चढून शेण लावणारीही तीच. गुरं नवऱ्याची असली तरी दूध तिचं. कोणत्या मुलाला किती द्यायचं, किती विकायचं, हे ती ठरवते. जमीन भाड्याने गेली की चराईवर बंधनं येतात, कधी वस्ती उठून बाजूला जाते, गुरं दूर न्यावी लागतात. गुरं दूर गेली की घरातलं दूध घटतं, आणि लाकडं आणायची वाट लांबते. म्हणजे भाडं आलं नवऱ्याच्या मोबाइलवर आणि दूध कमी झालं बायकोच्या चरवीत. घरात एकूण पैसा वाढला असं कागदावर दिसेल. तिच्या हातातला मात्र कमी झालेला असू शकतो.

केनियाच्या २०१० सालच्या राज्यघटनेने जमिनीत बाईला बरोबरीचा हक्क दिला आहे. कायदा झाला, पण दप्तरातलं जुनं नाव आपोआप बदलत नाही. हे तुम्हाला आम्ही समजावून सांगायची गरज नाही.

मग बायकांनी काय केलं? एक म्हणजे मणी. मसाई बायका मण्यांचं फार सुरेख काम करतात, गळ्यातल्या मोठ्या तबकड्या, बांगड्या, पट्टे. कोणता रंग कोणाशेजारी हे आई मुलीला शिकवते. पाहुण्यांना वस्ती दाखवायला नेतात तेव्हा या वस्तू विकल्या जातात. त्यातही एक मेख होती. वस्ती बघायचे पैसे पाहुणा द्यायचा गाडीवाल्या गाईडच्या हातात, आणि मोठा वाटा तिथेच राहतो अशी वस्तीतल्या लोकांची कित्येक वर्षं तक्रार होती. म्हणून काही ठिकाणी बायकांनी गट करून माल एकत्र विकायला घेतला, किमतीची चिठ्ठी लावून.

भाचीच्या हातात तसंच एक मण्यांचं कडं होतं. जावयांनी घासाघीस करून निम्म्या किमतीत आणलं, असं ती कौतुकाने सांगत होती. आमच्यातली एक जण गोधड्या शिवते. तिने कडं हातात घेतलं, उलटं केलं, दोरा बघितला आणि म्हणाली, "दोन दिवस तरी गेले असतील गो ह्येच्यात." भाची गप्प झाली. तिला टोचावं असा कोणाचाच हेतू नव्हता. आपणही बाजारात जुडीमागे दोन रुपये कमी करतोच ना.

दुसरी गोष्ट, तिथेही बचत गट आहेत! त्याला म्हणतात चामा. दहा-वीस बायका जमतात, ठरलेली रक्कम टाकतात. कुठे आपल्या भिशीसारखी पाळीपाळीने एकीला मिळते, कुठे त्याच बैठकीत टेबलावर जमलेल्या पैशातून कर्ज देऊन टाकतात, की पेटीत काही शिल्लकच राहू नये. चोरीची भीती नाही आणि पैसा फिरता. मोबाइलवरून पैसे पाठवायची सोय केनियात २००७ सालीच सुरू झाली. तिचं नाव एम-पेसा. एम म्हणजे मोबाइल, पेसा म्हणजे अर्थातच आपला पैसा. बाईच्या स्वतःच्या नंबरवर पैसे आले की ते तिला दिसतात, मधे कोणी मोजत नाही.

अभयारण्यांच्या कामातही बायका थोड्या थोड्या येत आहेत. अंबोसेली या दुसऱ्या अभयारण्याजवळ २०१९ मध्ये आठ मसाई तरुणींची वनरक्षक तुकडी तयार झाली. घरातून पगारी नोकरीवर जाणाऱ्या त्या बहुतेक पहिल्याच बायका.

चला, आता समुद्राकडे. नैरोबीहून मोम्बासापर्यंत दोघं रेल्वेने गेली. ही नवी रेल्वे २०१७ ची. साधारण पाच-सहा तास, आणि वाटेत त्सावोचं रान, खिडकीतून लाल मातीने रंगलेले हत्ती दिसतात. पण तिच्या शेजारून जुनी रेल्वे गेली आहे, तिच्याशी आपलं नातं आहे. १८९६ ते १९०१ या काळात ती बांधायला इंग्रजांनी हिंदुस्थानातून सुमारे ३२ हजार मजूर नेले. बहुतेक पंजाबातले. कराचीहून बोटी सुटायच्या, आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. त्यातले सुमारे अडीच हजार तिथेच मेले. १८९८ मध्ये त्सावोला नदीवर पूल बांधताना दोन सिंहांनी मजुरांना तंबूंतून ओढून नेलं. आज त्याच भागात तंबूत झोपायचे लोक पैसे मोजतात. पुढे शेजारच्या गोव्यातलेही पुष्कळ लोक कारकून, शिंपी म्हणून केनियात गेले.

मोम्बासाच्या दक्षिणेला दियानी म्हणून किनारा आहे. भाचीचं लॉज तिथेच. वाळू पिठासारखी, कारण ती प्रवाळाची झालेली. रस्त्याच्या वर दोरीचे लहान पूल बांधले आहेत, माकडांना गाडीखाली न येता पलीकडे जाता यावं म्हणून. सगळं पॅकेज पुण्यातच भरलेलं, खाणंपिणं धरून. म्हणून दोघं चार दिवस लॉजच्या बाहेर फारशी पडलीच नाहीत. पडायचं कारणच नव्हतं.

आणि इथे आम्हाला हळहळ वाटली. कारण दियानीपासून दक्षिणेला थोड्याच अंतरावर गाझी नावाचं गाव आहे, आणि भाची तिथे गेली असती तर तिला बायकांचा फोटो मिळाला असता. गाझी खाडीकाठचं गाव. तिथे कांदळवन आहे, आपल्याकडे असतं तसंच. घरांसाठी, जळणासाठी त्याची फार तोड झाली होती. गावातल्या बायकांच्या गटाने कांदळवनातून सुमारे तीनशे मीटरची लाकडी पायवाट बांधून घेतली. पाहुणा येतो, शुल्क देतो, एखादी बाई त्याला झाडं, खेकडे, पक्षी दाखवत फिरवते, आणि मग नारळाच्या दुधात शिजवलेला भात आणि मासे वाढते. पावती गटाची, पैसा गटाचा.

त्याच गावात आणि शेजारच्या माकोंगेनीत मिळून मिकोको पामोजा नावाचा प्रकल्प आहे. नावाचा अर्थ, कांदळवन सगळ्यांनी मिळून. ११७ हेक्टर कांदळवन राखायचं आणि नवीन लावायचं. ही झाडं हवेतला जो कार्बन धरून ठेवतात त्याचा हिशेब करून तो परदेशात विकला जातो, वर्षाला सुमारे ३ हजार टन. आलेल्या पैशातून काय करायचं ते गावाची बैठक ठरवते. आतापर्यंत पिण्याचं पाणी आणि शाळेवर मुख्यतः खर्च झाला. २०१७ मध्ये या प्रकल्पाला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. नळ गावात आला तेव्हा कोणाची कंबर वाचली, हे काकींनी लगेच ओळखलं.

याच २०१७ सालात आपल्या वेंगुर्ल्यात स्वामिनी बचत गटाच्या बायकांनी मांडवी खाडीत कांदळवन सफारी सुरू केली. मासेमारी करणाऱ्या घरांतल्या बायका. होडी वल्हवायची, पाहुण्यांना झाडांच्या जाती आणि पक्षी सांगायचे. तुमच्यापैकी कोणी गेल्या नसाल तर गटाची सहल तिकडे न्या. गाझी लांब पडेल.

एक गोष्ट राहिली. मार्च २०२० मध्ये कोरोना आला आणि केनियात पाहुणे यायचे थांबले. पाहुणे असोत-नसोत भाडं द्यायचं, असं करारात होतं. तरी पुष्कळ ठिकाणी ते कमी करून घ्यावं लागलं, कारण कंपन्यांकडेच पैसा येईना. मण्यांची विक्री तर एका आठवड्यात शून्यावर आली. ज्या घरांनी गुरं विकून टाकली नव्हती ती तगली. पर्यटनाचा पैसा वाईट नाही, पण तो भाताच्या खाचरासारखा घराजवळ नसतो. तो कुठे तरी लांब, विमानतळावर अडकतो.

आता वाडीतल्या प्रकरणाकडे येतो. गेल्या मे महिन्यात आमच्याकडे एक गृहस्थ आले. समुद्राकडची, माडांची जमीन त्यांना तीस वर्षांच्या भाड्याने हवी आहे. नवीन जोडप्यांसाठी लॉज बांधायचं म्हणतात, थेट केनियासारखं नसलं तरी त्याच घाटाचं. जमिनीच्या सातबारावर नावं किती? चौदा. आपल्या कोकणात असतातच. त्यात मुंबईचे आहेत, मयत आहेत. आणि बहिणींची नावं लागलेलीच नाहीत. बोलणी पुरुषांत झाली, ओटीवर, चहा बायकांनी केला. आणि मग भाऊबीजेला एका बहिणीपुढे ओवाळणीच्या ताटाबरोबर हक्कसोडपत्राचा कागद आला. "नुसती सही आहे गो, भाड्याचं काम सोपं व्हावं म्हणून."

ती बहीण आमच्या गटात आहे. तिने सही केली नाही. चष्मा घरी राहिला म्हणाली.

तेव्हा आम्ही चौकशी केली ती सांगतो. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली, तिने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. लग्न झालं म्हणून तो जात नाही. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवलं की मग परत फिरणं फार अवघड. जमीन भाड्याने द्यायला बहिणीने हक्क सोडायची काही गरज नाही, तीही भाऊ देतो तशी मालक म्हणून सही करू शकते आणि तिचा हिस्सा तिच्या खात्यात येऊ शकतो. वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेकरार नोंदणी केल्याशिवाय चालत नाही, तेव्हा "स्टॅम्पपेपरवर लिहून घेऊ" म्हणणाऱ्याला थांबवा. किनाऱ्यापासून ठरावीक अंतरात बांधकामाला सीआरझेडचे नियम आहेत, परवानगी कोण काढणार आणि नाही मिळाली तर भाडं चालू राहणार का, हे करारात हवं. आणि नवऱ्याच्या स्वतःच्या नावावरच्या जमिनीला बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येतं. लक्ष्मी मुक्ती योजना त्यासाठीच आहे, १९९२ पासून. अर्ज नवऱ्याने करायचा असतो, तिथेच घोडं अडतं.

आमच्या गटाने त्या गृहस्थांना विचारायचे प्रश्न वहीत लिहून काढले आहेत. पावसाळ्यात लॉज बंद असेल तेव्हा भाडं मिळणार का? विहिरीचं पाणी किती उपसणार? कालवं काढायला खाडीवर जायची बायकांची वाट मोकळी राहणार का, की फाटक लागणार? स्वयंपाक गटाकडे देणार की बाहेरून माणसं आणणार? आणि पैसे चौदा नावांत कसे वाटणार, बहिणींसकट? काकींनी शेवटचा प्रश्न घातला, की लॉजच्या फोटोत आम्ही कुठे असणार. तो वहीत लिहायचा की नाही यावर बरीच चर्चा झाली. लिहिला आहे.

ते गृहस्थ तुळशीचं लग्न झाल्यावर पुन्हा येणार आहेत. बैठक या वेळी ओटीवर नाही, समाजमंदिरात आहे, संध्याकाळी पाच वाजता, आणि चहा आधीच करून थर्मासमध्ये भरून ठेवायचं ठरलं आहे. काय झालं ते पुढच्या महिन्यात सांगतो. तोवर तुमच्या घरचा सातबारा काढून आणा, तलाठ्याकडून किंवा मोबाइलवर भूलेखच्या संकेतस्थळावरून, आणि त्यावरची नावं मोठ्याने वाचा. वाचता न येणाऱ्या मैत्रिणीला गटात वाचून दाखवा. काही अडलं तर रेडिओवर फोन करा, बुधवारी दुपारी तीन ते चार आम्ही बसलेल्याच असतो.